वजनाचा काटा आणि घरचा डॉक्टर

सायंकाळचे सात वाजलेले असतात. उपनगरातल्या जुन्या दवाखान्यात बाकावर आठ-दहा रुग्ण दाटीवाटीने बसलेले असतात. पन्नाशीची एक गृहिणी आत येते. दोन दिवसांपासून तिला दुपारी दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टर तिचा केसपेपर काढतात. मधुमेहाच्या गोळ्या सुरू होऊन सहा-सात वर्षे झालेली. गोळ्या वेळेवर चालू आहेत, ताप नाही, पोट बिघडलेले नाही. मग खोदून विचारल्यावर कळते की तीन आठवड्यांपूर्वी मुलीने तिच्यासाठी मोबाईलवर वजन कमी करण्याचा एक ऑनलाइन कार्यक्रम विकत घेतला. पोळी बंद, भात बंद, दुपारी केवळ कोशिंबीर आणि ताक. 'हे आधी सांगितले का नाही?' या प्रश्नावर तिचे उत्तर सरळ असते, 'डॉक्टर, औषध थोडंच घेतलंय? जेवणच तर कमी केलंय.'

हे चित्र एखाद्या विशिष्ट दवाखान्याचे नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक फॅमिली डॉक्टरांना ते ओळखीचे वाटेल. साखर कमी करणारी गोळी पूर्वीच्याच मात्रेत पोटात जात होती आणि जिच्या हिशेबाने ती मात्रा ठरली होती ती पोळी मात्र ताटातून गेली होती. त्यामुळे रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू लागली. कार्यक्रम चालविणाऱ्यांनी तिची उंची विचारली, वजन विचारले, लक्ष्य विचारले. तिच्या औषधांची चौकशी एक तर झालीच नाही, किंवा झाली तरी त्या उत्तराचा अर्थ लावणारे पलीकडे कोणी नव्हते.

लठ्ठपणा हा आज घराघरातला प्रश्न आहे आणि त्यावरचा ऑनलाइन उपायही घराघरात पोहोचला आहे. या दोहोंच्या मध्ये जो घरचा डॉक्टर पिढ्यान् पिढ्या उभा होता, त्याला काय वाटते हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

समस्या खरी आहे

ऑनलाइन कार्यक्रमांच्या जाहिराती भडक असतील, पण ज्या दुखण्यावर त्या बोट ठेवतात ते दुखणे काल्पनिक नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची 13 कोटी 60 लाख आहे. प्रौढांपैकी 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि पोटाचा घेर प्रमाणाबाहेर वाढलेल्यांचे प्रमाण 39.5 टक्के आहे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे चौथा हिस्सा स्त्रिया व जवळजवळ तेवढेच पुरुष प्रमाणापेक्षा अधिक वजनाचे आढळले. पंतप्रधानांनी 2025 च्या फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून लठ्ठपणाचा विषय काढला आणि स्वयंपाकातले तेल 10 टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहिलेला नाही, याचीच ती पावती होती.

त्यातही भारतीय शरीराचे एक वैशिष्ट्य आहे आणि ते जगापुढे ठसठशीतपणे मांडण्याचा मान पुण्याकडे जातो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचे एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला दोघांचा निर्देशांक अगदी एकच होता, 22.3. पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण यडकिन यांचे 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचे 21.2 टक्के निघाले. काट्यावर सारखे भरणारे दोन देह आतून किती वेगळे असू शकतात, हे त्या एका छायाचित्राने सांगितले. म्हणूनच आपल्याकडे 23 च्या पुढे अधिक वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा मानतात. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे 25 आणि 30 आहेत. कंबरेचा घेर पुरुषांचा 90 आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर तो इशारा समजावा, असेही तज्ज्ञ सांगतात. परदेशी मापाने आखलेला कार्यक्रम एखाद्या सडपातळ हातापायांच्या, पण पोट सुटलेल्या मराठी माणसाला 'तुमचे वजन उत्तम आहे' असे प्रशस्तिपत्र देऊन मोकळा होईल. घरच्या डॉक्टरला मात्र त्याच्या वडिलांना चाळिशीत आलेला हृदयविकाराचा झटका आठवत असतो.

डॉक्टरांचे तीन सूर

या कार्यक्रमांविषयी फॅमिली डॉक्टरांमध्ये एकमत नाही. ढोबळमानाने तीन सूर ऐकू येतात.

पहिला सूर सरळ विरोधाचा आहे. हा सारा बाजार आहे, तीन महिन्यांचे पैसे आधी घ्यायचे, चौथ्या महिन्यात वजन परत आले की दोष ग्राहकाच्या इच्छाशक्तीला द्यायचा, असे या मंडळींचे म्हणणे. दुसरा सूर स्वागताचा आहे. रुग्ण कोणत्या का मार्गाने होईना चालू लागला, फरसाण सोडू लागला, तर त्याला विरोध कशासाठी, असे हे डॉक्टर विचारतात. तिसरा सूर सर्वांत कमी ऐकू येतो, पण तोच विचार करण्याजोगा आहे. कार्यक्रम असू द्या, पण तो आमच्या नजरेखालून जाऊ द्या, एवढेच या डॉक्टरांचे मागणे आहे.

पहिल्या सुराच्या डॉक्टरांनी एका गोष्टीचा प्रामाणिक विचार करायला हवा. रुग्ण मोबाईलकडे का वळला? 'वजन कमी करा, गोड बंद करा, रोज चाला' ही तीन वाक्ये बहुतेक दवाखान्यांत वर्षानुवर्षे उच्चारली गेली आणि तिथेच उपचार संपला. सायंकाळच्या तीन तासांत चाळीस-पन्नास रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला यापेक्षा अधिक सांगायला सवड नसते, हेही खरे. तालुक्याच्या गावी तर पदवीधर आहारतज्ज्ञ शोधूनही सापडत नाही. मोबाईलवरचा कार्यक्रम मात्र रोज सकाळी चौकशी करतो, काल काय खाल्ले ते लिहायला लावतो, किती पावले चाललात ते मोजतो आणि आठवड्याने वजनाचा आलेख दाखवतो. कोणीतरी आपली दखल घेत आहे ही भावना मनुष्याला मोठे बळ देते. ती दवाखान्यात मिळाली नाही म्हणून रुग्णाने ती विकत घेतली. यात त्याचा दोष काढण्यापूर्वी डॉक्टरांनी स्वतःकडे पाहिलेले बरे.

जे पडद्यावर दिसत नाही

असे असले तरी तिसऱ्या सुराच्या डॉक्टरांची काळजी अनाठायी नाही. आहार ही निरुपद्रवी गोष्ट आहे, त्याने भले झाले नाही तरी वाईट काय होणार, हा आपल्या समाजातला फार जुना गैरसमज आहे. ज्याच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि जो रक्त पातळ राखण्यासाठी वॉरफॅरिनची गोळी घेतो, त्याने अचानक रोज पालकाचा रस सुरू केला तर गोळीचा परिणाम घटतो. मूत्रपिंडे अधू झालेल्या रुग्णाला प्रथिनांची भुकटी आणि फळांचे रस अपायकारक ठरू शकतात. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या चालू असताना भात-पोळी एकदम तोडली तर रक्तातले आम्ल वाढण्याचा धोका असतो, तोही साखरेचा आकडा फारसा न वाढता. वजन फार वेगाने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. रक्तदाबाची गोळी तीच राहिली आणि वजन दहा किलोंनी उतरले, तर उठताना तोल जाऊन वृद्ध मनुष्य पडू शकतो. हे सारे टाळता येण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी पथ्य आणि औषध या दोहोंचा हिशेब एकाच माणसाकडे असावा लागतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. ऑनलाइन कार्यक्रमाच्या दृष्टीने वजन उतरणे हे नेहमीच यश असते. डॉक्टरच्या दृष्टीने ते कधी कधी रोगाचे पहिले लक्षण असते. क्षयरोग, कर्करोग, थायरॉइडचा अतिरेक, नियंत्रण सुटलेला मधुमेह यांत वजन आपोआप उतरते. एका महिन्यात सहा किलो उतरले म्हणून पडद्यावर फुले उधळली जात असतील, तेव्हा अनुभवी डॉक्टरच्या कपाळावर आठी उमटते. उलट, वजन वाढण्यामागेही थायरॉइडची मंदगती, स्टेरॉइडची औषधे किंवा मुलींमधील संप्रेरकांचा असमतोल असू शकतो. तिथे कितीही उपाशी राहिले तरी मूळ कारण तसेच राहते आणि अपयशाची खंत पदरी येते.

आणि किशोरवयीन मुली? आरशात पाहून स्वतःला लठ्ठ समजणाऱ्या, प्रत्यक्षात सडपातळ असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने चुकीचे वय टाकून असा कार्यक्रम सुरू केला तर तिला अडवणार कोण? पाळी थांबली म्हणून आई तिला दवाखान्यात घेऊन येते, तेव्हा चार-सहा महिने उलटून गेलेले असतात. तिला लहानपणापासून पाहिलेला डॉक्टर तिच्या उतरलेल्या चेहऱ्यावरून जे ओळखतो, ते वजनाच्या आलेखात उमटत नाही.

घरचा डॉक्टर आणखीही काही जाणून असतो. त्या घरात स्वयंपाक कोण करते, सासूबाईंसमोर वेगळे ताट वाढून घेणे सुनेला शक्य आहे की नाही, संकष्टी-एकादशीला 'उपवास' म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस किती खाल्ला जातो, रात्रपाळी करून येणारा मुलगा पहाटे काय खातो, हे त्याला ठाऊक असते. 'सकाळी अॅव्होकॅडो आणि ओट्स' असा सल्ला त्याच्या तोंडून निघत नाही. ज्वारीची भाकरी, मुगाचे घावन, पालेभाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ हे त्याच्या रुग्णाच्या खिशाला आणि जिभेला मानवणारे अन्न आहे आणि म्हणून ते तीन महिन्यांनंतरही टिकते.

आपल्या परंपरेनेही हा विवेक सांगितला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय निंदित देहप्रकारांविषयी आहे आणि त्यात अतिस्थूल व अतिकृश या दोन अवस्थांचे विस्ताराने विवेचन येते. तिथे स्थूलतेचा उपचार कृशतेहून कठीण मानला आहे आणि ती घालविण्यासाठी जागरण, व्यायाम आदी गोष्टी क्रमाक्रमाने वाढवाव्यात असे सांगितले आहे. 'क्रमाक्रमाने' हा शब्द 'पंधरा दिवसांत सात किलो' या जाहिरातीशेजारी ठेवून पाहावा.

परदेशातला अनुभव

ज्या देशांत अशा कार्यक्रमांची शास्त्रीय तपासणी झाली, तिथले निष्कर्ष दोन्ही टोकांच्या डॉक्टरांना काही शिकवणारे आहेत. अमेरिकेत रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या अधिक वजनाच्या 840 रुग्णांवर झालेला एक प्रयोग 2020 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा सल्ला मिळाला, दुसऱ्याला केवळ ऑनलाइन कार्यक्रम, तर तिसऱ्याला तोच कार्यक्रम आणि जोडीला दवाखान्याशी संलग्न कर्मचाऱ्यांकडून विचारपूस. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी 1.2 किलो, दुसऱ्याचे 1.9 किलो आणि तिसऱ्याचे 3.1 किलो उतरले. केवळ यंत्राने जे साधले, त्याला माणसाची जोड मिळताच फळ वाढले. आणि फळ वाढूनही ते तीन किलोच होते, हेही जाहिराती वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

इंग्लंडमधला आणखी एक प्रयोग 2016 साली प्रकाशित झाला. 137 फॅमिली डॉक्टरांनी अन्य कारणासाठी आलेल्या 1,882 लठ्ठ रुग्णांशी तपासणीच्या शेवटी केवळ अर्धा मिनिट वजनाविषयी बोलायचे होते. निम्म्यांना फक्त सल्ला, उरलेल्यांना वजन कमी करण्याच्या बारा आठवड्यांच्या वर्गाची चिठ्ठी. वर्षभराने सल्लावाल्यांचे सरासरी एक किलो, तर चिठ्ठीवाल्यांचे सुमारे अडीच किलो वजन उतरलेले होते. वजनाचा विषय काढल्यास रुग्ण दुखावेल, ही डॉक्टरांची नेहमीची भीती. पण ते बोलणे अनुचित आणि निरुपयोगी वाटलेले रुग्ण शंभरात एकाहूनही कमी निघाले. डॉक्टरच्या शब्दाला आजही वजन आहे, फक्त तो उच्चारला जायला हवा.

ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने 2021 पासून बारा आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रमच विनामूल्य उपलब्ध करून दिला. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या लठ्ठ रुग्णाला त्यासाठी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातून वा औषधविक्रेत्याकडून पाठविले जाते. सर्वसाधारण रुग्णासाठी निर्देशांकाची अट 30 आहे, तर आशियाई वंशाच्या लोकांसाठी 27.5. म्हणजे पुण्यात मांडले गेलेले सत्य तिथल्या शासनानेही आपल्या परीने स्वीकारले आहे. याच देशात 2017 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, फॅमिली डॉक्टरांच्याच दवाखान्यांतून कडक आहारनियंत्रण करवून घेतलेल्या मधुमेहींपैकी 46 टक्के रुग्ण वर्षभराने औषधाविना मधुमेहमुक्त स्थितीत आढळले. मात्र तिथे आहार सुरू होताच मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या वैद्यकीय देखरेखीखाली थांबविल्या होत्या. आरंभी आलेल्या गृहिणीच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले.

कायदा, इंजेक्शने आणि बाजार

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय यासंबंधीच्या कायद्यान्वये लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास बंदी आहे. पण त्या कायद्यातील औषधाच्या व्याख्येत शरीरावर परिणाम करणाऱ्या वस्तूंमधून अन्न वगळलेले आहे आणि मोबाईलवरच्या 'मार्गदर्शना'ची तर त्या काळी कल्पनाही नव्हती. मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुरून सल्ला व औषध देण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत डॉक्टरला आहे. यंत्राला तो नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने आहारतज्ज्ञांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले. तरीही 'कोच' हे बिरुद लावून कोणीही उठावे आणि शेकडो लोकांना पथ्य सांगावे, याला व्यवहारात फारसा अटकाव नाही.

यातच नव्या इंजेक्शनांची भर पडली आहे. मार्च 2025 मध्ये टिर्झेपटाइड आणि त्याच वर्षी जूनमध्ये लठ्ठपणासाठीचे सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले. ही औषधे प्रभावी आहेत, यात शंका नाही. पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यावयाची आहेत. ब्रिटनमध्ये ऑनलाइन प्रश्नावली भरून ती सहज मिळू लागली, तेव्हा तिथल्या औषधविक्री नियामकाला 2025 च्या फेब्रुवारीत नियम कडक करावे लागले. ग्राहकाने सांगितलेले वजन स्वतंत्रपणे पडताळल्यावाचून ही औषधे देऊ नयेत, असे बजावावे लागले. त्या ठेचेवरून आपण आधीच शहाणे होणे श्रेयस्कर.

काय करता येईल

या कार्यक्रमांवर सरसकट बंदी घाला, असे कोणी शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. चाळिशीच्या आतल्या, कोणतेही औषध न घेणाऱ्या, पोट थोडे सुटलेल्या नोकरदाराला त्यातून शिस्त लागत असेल तर ती लागू द्यावी. परंतु ज्या घरात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार आहे, जिथे गर्भवती किंवा अंगावर पाजणारी माता आहे, जिथे मुले व वृद्ध आहेत, तिथे पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमाचे पथ्यपत्रक आणि चालू औषधांची पाकिटे घेऊन एकदा दवाखान्याची पायरी चढावी. सल्ला देणाऱ्याचे नाव काय, त्याची पदवी कोणती, नोंदणी कुठे, हे विचारण्यात संकोच नसावा. जो आधी भुकटीचा डबा विकतो आणि मग पथ्य सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे.

डॉक्टरांचेही कर्तव्य आहे. एम.बी.बी.एस. असो वा आयुर्वेदाचा पदवीधर, प्रत्येक फॅमिली डॉक्टरने प्रौढ रुग्णाचा कंबरेचा घेर वर्षातून एकदा मोजावा आणि 'सध्या काही पथ्य, काही कार्यक्रम चालू आहे का?' हा प्रश्न केसपेपरवर कायमचा ठेवावा. तो रागावून विचारला तर रुग्ण पुढच्या वेळी लपवील. सहज विचारला तर सांगेल. वैद्यकीय संघटनांच्या शाखांनी आपल्या भागातल्या नोंदणीकृत आहारतज्ज्ञांची यादी सदस्यांना द्यावी. महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी वजनाच्या जाहिरातींवर चर्चा करण्याऐवजी एखाद्या सायंकाळी आपल्याच वस्तीतल्या डॉक्टरला बोलवावे. यांपैकी कशालाही शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

त्या गृहिणीची गोष्ट अशी संपू शकते. डॉक्टर तिची साखर तपासतात, गोळीची मात्रा निम्मी करतात, दुपारच्या ताटात एक भाकरी परत ठेवतात. 'कार्यक्रम सोडू नका, पण दर पंधरवड्याला मला येऊन दाखवा,' असे सांगतात. तीन महिन्यांनी तिचे वजन चार किलोंनी उतरलेले असते आणि चक्कर थांबलेली असते. पुढच्या भेटीला ती एकटी येत नाही. सोबत मुलगी असते, आणि तिच्या हातात आईच्या औषधांची यादी असते.